कडेचा उजेड

घड्याळ काढून ठेवा, मोबाइल बंद करा. सन १८७४, डिसेंबरची ९ तारीख. अकोल्यात मोर्णेच्या काठी, असदगडाच्या बुरुजाखाली तुम्ही उभे आहात आणि थंडीने तुमचे दात वाजताहेत. अकोला म्हटलं की तुम्हाला मे महिनाच आठवत असणार. पण मार्गशीर्षाच्या तोंडावरची ही सकाळ वेगळीच आहे. नदीवर धुकं आहे. कापसाने भरलेल्या बंड्या एकामागून एक बाजाराकडे निघाल्या आहेत. आगगाडी येऊन अजून दहा वर्षंही झालेली नाहीत, तरी वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे विलायतेला जाऊ लागला आहे आणि गाडीवानांचं बोलणं सगळं भावाभोवती फिरतं आहे.

आपल्या काळातली एकच वस्तू सोबत आणायची तुम्हाला मुभा आहे: ग्रहणाचा काळा चष्मा. तो लावा आणि सूर्याकडे बघा. सूर्य उगवून अर्धा तास झाला असेल. बिंबाच्या कडेला बारीकशी खाच पडली आहे. ती हळूहळू खोल होते, आणि आणखी अर्ध्या तासाने कडेपासून सुटलेला एक वाटोळा काळा ठिपका सूर्यावर दिसू लागतो. हा शुक्र. पृथ्वी आणि सूर्य यांच्या बरोबर मधून तो चालला आहे. हेच अधिक्रमण. ते दुपारपर्यंत चालेल.

ठिपक्याची रुंदी सूर्याच्या रुंदीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याएवढी आहे, म्हणजे सूर्याच्या तबकडीचा सुमारे हजारावा भाग त्याने झाकला आहे. अकोल्यावर पडणारं ऊन हजारात एक या हिशेबाने कमी झालं. गाडीवानाला ते कळायचं कारण नाही, बैलाला तर नाहीच. पण या घटकेला मद्रास, विशाखापट्टणम, रुडकी अशा ठिकाणी माणसं दुर्बिणींना डोळे लावून सेकंद मोजत बसली आहेत. मद्रास वेधशाळेतल्या चिंतामणी रघुनाथाचारींनी तर सामान्य लोकांना हा प्रकार समजावा म्हणून आधीच पुस्तिका लिहून ठेवली आहे. सगळ्यांना हवं आहे ते सूर्याचं अंतर.

तुम्ही मात्र दुसऱ्याच दोन गोष्टी गाठीला बांधून घ्या. एक: ठिपक्याने किती उजेड खाल्ला यावरून ठिपक्याचा आकार काढता येतो. दोन: शुक्र अर्धा आत, अर्धा बाहेर असताना चांगल्या दुर्बिणीतून त्याच्या बाहेरच्या अर्ध्या कडेला उजेडाची एक केसाएवढी कमान दिसते. तो शुक्राच्या हवेतून वाकून आलेला सूर्यप्रकाश आहे. शुक्र स्वतः काळा ठिपका होऊन गप्प बसला आहे. त्याच्या हवेबद्दल बोलते ती त्याची कड. पुढच्या दीडशे वर्षांच्या प्रवासात तुम्हाला शिदोरी म्हणून एवढं पुरेल.

आता २३ वर्षं पुढे चला. बडनेऱ्याहून नागपूरकडे जाणारी गाडी धरा. चांदूर गेलं, धामणगाव गेलं, की तळणीला उतरा. लहानसं स्टेशन आहे. याच्या पुढे वर्धा नदी आणि पुलगाव. नदी ओलांडली की वऱ्हाड संपतं आणि मध्य प्रांत लागतो. तारीख २२ जानेवारी १८९८, शनिवार, पौष अमावास्या.

काळ बरा नाही. गेल्या साली दुष्काळाने माणसं आणि जनावरं दोन्ही खाल्ली. मुंबई-पुण्याकडे प्लेग आहे. टिळक तुरुंगात आहेत. चारच आठवड्यांपूर्वी इथून जवळ अमरावतीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं आणि त्याची चर्चा डब्यात अजून चालू होती. पण तळणीत आज उतरणाऱ्यांचा विषय एकच आहे. माळावर पांढरे तंबू आहेत, तिकाट्यांवर नळकांडी आहेत, आणि त्यांच्याभोवती टोपीवाले साहेब आणि मडमा लगबग करताहेत.

कडुलिंबाखाली बंडी सोडून बसलेला एक म्हातारा शेतकरी तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो.

“कोन गावचे जी तुम्ही?”

तुम्ही ‘अमरावती’ म्हणता. खोटं नाही, फक्त सव्वाशे वर्षांनी खरं आहे.

“हे साहेबलोक बोटीत बसून आले म्हनतेत. काहून? तर गिऱ्हनाचा फोटू काढाले! आमची माय म्हने, गिऱ्हान लागलं का डोया वर करू नोको. अन् हे पाह्यासाठी आले.”

हे लोक ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचे आहेत. आज चंद्राची सावली विजयदुर्गावरून आत शिरेल, जेऊरवरून वऱ्हाडात येईल आणि पुढे बक्सरकडे निघून जाईल. त्या चिंचोळ्या पट्ट्यात ठिकठिकाणी दुर्बिणी लागल्या आहेत. विजयदुर्गाला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर आहेत, जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आहेत. तळणीच्या वाट्याला आलेले दोघे मात्र पुढे फार गाजणार आहेत.

पहिल्या अ‍ॅनी मॉन्डर. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात त्या गणित शिकल्या, पण तिथे बायकांना पदवी देत नाहीत. ग्रिनिच वेधशाळेत सूर्याच्या फोटोंवर काम केलं. १८९५ साली तिथल्याच वॉल्टर मॉन्डर यांच्याशी लग्न केलं आणि विवाहित बाईला नोकरी नाही या नियमाने ती नोकरी गेली. समोरच्या तिकाटीवर त्यांचा छोटा कॅमेरा आहे. भिंग जेमतेम दीड इंचाचं. शेजारच्या मोठ्या नळकांड्यांपुढे तो खेळण्यासारखा वाटेल, पण रुंद आकाश एका काचेवर पकडायचं तर असंच भिंग लागतं.

दुसरे जॉन एव्हरशेड. त्यांच्या यंत्रातला जीव म्हणजे लोलक. प्रकाशाला फोडून त्याचा वर्णपट काचेवर उमटवायचा, एवढंच त्याचं काम आहे.

दुपारचा एक वाजत आला आहे. चंद्राने सूर्याचा बराच भाग गिळला आहे. लिंबाच्या पानांच्या फटींतून जमिनीवर एरवी वाटोळे कवडसे पडतात. आता प्रत्येक कवडसा कोयत्याच्या पात्यासारखा वाकडा झाला आहे. म्हाताऱ्याच्या बंडीतल्या पांढऱ्या कापसावर अशी शेकडो पाती हलताहेत. तो हात पुढे करतो, तळव्यावर एक पातं झेलतो आणि काही न बोलता बघत राहतो. गावाकडून “दे दान, सुटे गिऱ्हान” अशी हाळी येते आहे. ऊन पितळी झालं, वारा पडला, अंगावर काटा आला. पश्चिमेकडून अंधार धावत येतो आणि माळावर एकजण मोठ्याने सेकंद मोजू लागतो.

शेवटचा ठिणगीएवढा सूर्य विझतो त्या क्षणी एव्हरशेडकडे बघा. चंद्राच्या काळ्या कडेला आता लालसर रंगाची एक बारीक किनार उरली आहे, फार तर दोन-तीन सेकंदांची. ती सूर्याच्या खालच्या वातावरणाची आहे. एरवी सूर्याच्या झगझगाटात ती कधीच दिसत नाही. तिचा उजेड लोलकातून फुटतो आणि नेहमीच्या वर्णपटातल्या काळ्या रेषांच्या जागी एकदम चकचकीत रेषा पेटतात. एकेक रेषा एकेका मूलद्रव्याची सही आहे. एव्हरशेड यांच्या काचांवर या सह्या उतरल्या. शिवाय हायड्रोजनच्या रेषांची रांग जंबुपार भागात जिथे संपते, तिच्याही पलीकडे एक सलग पट्टा उमटला. अणूच्या पोटात काय चालतं हे समजायला पुढे ज्या गोष्टींचा उपयोग झाला, त्यांत हा तळणीचा पट्टाही आहे. एव्हरशेड नंतर कोडईकनालला आले आणि १९०९ साली सौरडागांतून वायू बाहेरच्या दिशेला वाहतो हे त्यांनी दाखवलं. पाठ्यपुस्तकांत तो त्यांच्या नावाने आहे.

पण आता वर बघा, दोनच मिनिटं आहेत. काळ्या चकतीभोवती मोतिया रंगाचं प्रभामंडळ पसरलं आहे आणि त्यातून लांबच लांब किरणं निघाली आहेत. अ‍ॅनीबाईंच्या कॅमेऱ्याने त्यातलं एक इतकं दूरवर टिपलं की तोवरच्या कुठल्याही फोटोत एवढं लांब किरण आलं नव्हतं. दीड इंचाच्या भिंगाने.

मग एका बाजूने हिरा चमकतो आणि दिवस परत येतो. कोंबडे आरवतात. म्हातारा उठून बैल जुंपायला लागतो. तुम्ही विचारता, कसं वाटलं?

“रोज पाह्यतो सूर्य,” तो म्हणतो, “पन त्याच्या आंगावर एवढं काही हाये, हे त्याले झाकलं तवाच दिसलं जी.”

लॉकियरसाहेबांनाही एवढ्या थोडक्यात सांगता आलं नसतं. हे वाक्य सोबत घ्या आणि निघा.

आता ९७ वर्षांची उडी. ६ ऑक्टोबर १९९५, रात्रीचे दहा, चिखलदरा. कोजागरी दोन दिवसांवर आहे, त्यामुळे गाविलगडाचा तट दुधात बुडाल्यासारखा उजळलेला आहे. माथ्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन शोधा. पश्चिमेकडचे दोन तारे पूर्वा भाद्रपदा, पूर्वेकडचे दोन उत्तरा भाद्रपदा. पूर्वा भाद्रपदांच्या जोडीलगत बाहेरच्या अंगाला एक मंद तारा आहे, ५१ पेगासाय. अमावास्येला मेळघाटच्या काळोखात तो नुसत्या डोळ्यांना दिसेल. आज चांदण्याने तो पुसला आहे. पण आजच इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात मिशेल मायोर आणि दिदिए क्वेलोझ हे दोन स्विस शास्त्रज्ञ जाहीर करताहेत की या ताऱ्याभोवती एक ग्रह फिरतो. आपल्या गुरूच्या निम्म्या वजनाचा, आणि त्याचं वर्ष फक्त ४.२ दिवसांचं.

ही बातमी ऐकून खगोलशास्त्रज्ञांची झोप उडाली, कारण असला ग्रह कुणाच्याच हिशेबात नव्हता. आपल्या सूर्यमालेत सर्वांत आतला बुध, तोही प्रदक्षिणेला ८८ दिवस घेतो. गुरूला तर जवळपास १२ वर्षं लागतात. आणि हा गुरूसारखा वायूचा डोंगर चुलीच्या तोंडाशी बसलेला! अशा ग्रहांना ‘तप्त गुरू’ म्हणू लागले. ते ताऱ्यापासून दूर थंडीत तयार होतात आणि नंतर आत सरकतात, असा एक मोठा मतप्रवाह आहे; सगळेच तसे आले का, यावर वाद अजून चालू आहे.

५१ पेगासायचा ग्रह कुणी पाहिला नव्हता. तो ताऱ्याला किंचित मागेपुढे ओढतो, त्या डुलण्यावरून त्याचा पत्ता लागला. ग्रहाचा आकार, घनता, हवा, काहीच त्यातून कळत नाही. त्यासाठी त्याने ताऱ्याच्या पुढून जायला हवं, म्हणजे अकोल्याच्या सकाळसारखं अधिक्रमण हवं. दूरच्या ताऱ्याची तबकडी दिसत नाही, ठिपका दिसायचा प्रश्नच नाही. फक्त ताऱ्याचा उजेड किती घटला ते मोजायचं. शुक्राने हजारातला एक खाल्ला होता. गुरूएवढा ग्रह सूर्याएवढ्या ताऱ्यापुढून गेला तर शंभरातला एक खातो. ग्रह इतका जवळ असेल तर त्याची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत यायची शक्यताही दहात एक, आणि दर तीन-चार दिवसांनी नवी संधी. दूरच्या जगांचा अभ्यास तप्त गुरूंपासून सुरू झाला, तो या तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणून. पृथ्वीसारखा ग्रह उजेडाचा दहा हजारावा भागही झाकत नाही आणि वर्षातून एकदाच पुढे येतो.

चार वर्षं पुढे. ९ सप्टेंबर १९९९. अमरावती जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात उतरा, आज पोळा आहे. वऱ्हाडी बोलीत ‘पोया’. दुपारचा एक वाजून गेला आहे. बैल न्हाऊन आलेत, शिंगांना बेगड लागतोय, झुली निघाल्या आहेत, घरात पुरणाचा वास आहे. नेमक्या या वेळी पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, अमेरिकेतल्या कोलोरॅडोत मध्यरात्र उलटून गेली आहे आणि डेव्हिड शार्बोनो नावाचा एक विद्यार्थी १० सेंटिमीटरच्या, म्हणजे चार इंची दुर्बिणीने एका ताऱ्याचा उजेड मोजतो आहे. तारा पुन्हा पेगासस तारकासमूहातला. एचडी २०९४५८. तारा दीड टक्क्याने मंद होतो, सुमारे तीन तास तसाच राहतो आणि परत पूर्ववत.

एकदा घडलं यावर विश्वास ठेवायचा नसतो. ढग असेल, यंत्राची खोड असेल. ग्रहाचं वर्ष साडेतीन दिवसांचं आहे हे ताऱ्याच्या डुलण्यावरून आधीच माहीत होतं, म्हणजे दोन फेऱ्यांनी, सात दिवसांनी, तसंच व्हायला हवं. १६ सप्टेंबरला इकडे गणपती बसलेले असताना तसंच झालं. ग्रेगरी हेन्री यांच्या गटालाही नोव्हेंबरात या ग्रहाचं अधिक्रमण सापडलं. परक्या सूर्यापुढून जाणारा ग्रह माणसाने पहिल्यांदाच मोजला होता. आकार निघाला गुरूच्या सुमारे १.४ पट आणि वजन गुरूपेक्षाही कमी. असे ग्रह निखाऱ्यावर टाकलेल्या भाकरीसारखे फुगलेले असतात.

आता जमीन सोडा. सन २००० चा उन्हाळा. हबल दुर्बिणीच्या पाठीवर बसून जा. खाली सातपुड्याची हिरवट-तपकिरी रांग, पूर्णेचं काळं खोरं, एका कडेला लोणारचं वाटोळं तळं. आणि वर आकाश असं की तारे लुकलुकत नाहीत. मुद्दा तोच आहे. जमिनीवरून बघताना ताऱ्याचा उजेड हवेतून गाळून येतो. हवा हलते, धूळ बदलते, आणि हजारात एक-दोनच्या खालचा फरक या गोंधळात बुडतो. शिवाय सूर्य उगवला की काम बंद. अवकाशात हवा नाही, म्हणून फार बारीक फरक धरता येतो.

हबललाही एक अडचण आहे. ती पृथ्वीभोवती दीड तासाच्या आसपास एक फेरी मारते आणि त्यातला बराच वेळ पृथ्वीच मधे येते. तीन तासांचं अधिक्रमण तुकड्या-तुकड्यांत दिसतं. म्हणून एप्रिल-मे २००० मध्ये एचडी २०९४५८ ची चार अधिक्रमणं टिपून त्यांचे तुकडे एकावर एक जुळवले. जो आलेख निघाला तो दहा हजारात एक इतका नेमका होता: सपाट रेषा, गुळगुळीत उतार, वाटीसारखा तळ, पुन्हा चढ. तळ वाटीसारखा, कारण ताऱ्याची तबकडी कडेला मंद आणि मध्यात तेजस्वी असते.

त्या अधिक्रमणांच्या वर्णपटात, नोव्हेंबर २००१ मध्ये, शार्बोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आणखी एक गोष्ट सापडली. सोडियमच्या पिवळ्या रंगात ग्रह जरासा मोठा दिसत होता. दहा हजारात दोनने जास्त उजेड अडत होता. ग्रह रंगागणिक मोठा-छोटा होत नाही. त्याच्याभोवतीच्या हवेच्या पातळ किनारीत सोडियम आहे, ते नेमका तो रंग शोषून घेतं, म्हणून त्या रंगात सावली रुंद पडते. दुसऱ्या सूर्याच्या ग्रहाची हवा ओळखली गेली ती अशी. एव्हरशेडनी चंद्राच्या कडेला सूर्याच्या हवेची किनार वाचली होती, इथे ताऱ्याच्या उजेडात ग्रहाच्या हवेची किनार वाचली. तंत्र तेच, झाकणारा आणि झाकला जाणारा यांनी फक्त जागा बदलल्या.

यानंतरची वर्षं भराभर मागे टाका. २००६ च्या शेवटी फ्रान्सच्या पुढाकाराने ‘कोरो’ दुर्बीण वर गेली, मार्च २००९ मध्ये ‘केप्लर’. केप्लर तर चार वर्षं हंस आणि स्वरमंडळ यांच्या मधल्या एकाच तुकड्यातल्या दीड लाखांवर ताऱ्यांकडे टक लावून बसली. तिने जाहीर केलेल्या पहिल्या पाच ग्रहांपैकी चार तप्त गुरूच होते. २०१८ साली ‘टेस’ गेली आणि तिने जवळजवळ सगळं आकाश चाळायला घेतलं. आपल्याकडे अबूच्या डोंगरावर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची दुर्बीण आहे. ‘टेस’ला एका ताऱ्याची घट दिसली, अबूच्या ‘पारस’ यंत्राने त्या ताऱ्याचं डुलणं मोजलं, आणि २०२१ मध्ये टीओआय-१७८९बी हा ३.२ दिवसांचं वर्ष असलेला तप्त गुरू पक्का झाला. महाराष्ट्रातही नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटीने अशा ग्रहांकडे कान लावले होते: ग्रह ताऱ्याआड गेला की रेडिओ आवाज थांबतो का? ठाम उत्तर मिळालं नाही, पण प्रश्न तळणीच्याच जातीचा होता.

आता एक उलटी उडी घ्या, सातशे वर्षं मागे. सुमारे सन १३२०, रिद्धपूर. देवगिरीच्या यादवांचं राज्य नुकतंच बुडालं आहे. म्हाइंभटांनी लीळाचरित्राला हात घातला त्याला चार दशकं होऊन गेली आहेत. वरती कन्या राशीत चित्रा चमकते आहे. त्याच राशीत, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एका ताऱ्यापुढून आत्ता एक ग्रह चालला आहे आणि त्याच्या हवेतून गाळलेला उजेड रिद्धपूरच्या दिशेने निघाला आहे. त्याच्यासोबत निघा. वाटेत बहमनी येतील, इमादशाही येईल, निजाम, भोसले, इंग्रज. तळणीच्या माळावर दिवस मावळून परत उगवेल. हा उजेड मात्र न थांबता येतो आहे.

तो पोचतो १० जुलै २०२२ ला. आषाढी एकादशी. दोन वर्षं करोनाने अडवलेली वारी यंदा पायी गेली आहे. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी आणि अकोल्यावरून जाणारी शेगावची पालखी, दोन्ही पंढरपुरात आहेत. आणि पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर जेम्स वेब दुर्बीण सातशे वर्षं चालून आलेल्या या उजेडाकडे तोंड करून आहे. ताऱ्याचं नाव वॉस्प-३९. ग्रह वॉस्प-३९बी: वजन शनीएवढं, रुंदी गुरूपेक्षा जास्त, वर्ष चार दिवसांचं, तापमान सुमारे ९०० अंश सेल्सियस. अकोल्यात पारा ४५ वर गेला की शाळांच्या वेळा बदलतात. तिथे ॲल्युमिनियमचं भांडं वितळेल.

वेब त्याच्याकडे आठेक तास बघते. अधिक्रमण तीन तासांहून थोडं कमी आहे, बाकीचा वेळ आधीची आणि नंतरची सपाट रेषा मिळवण्यासाठी लागतो, कारण घट मोजायची तर न घटलेला उजेडही तितकाच चोख माहीत हवा. यंत्रात उजेड फोडायला काय आहे? लोलक. ग्रह ताऱ्याचा २.१ टक्क्यांच्या आसपास उजेड अडवतो, पण ४.३ मायक्रॉन या अवरक्त रंगात ही घट वाढून जवळपास सव्वादोन टक्के होते. ती कार्बन डायऑक्साइडची सही आहे. बाह्यग्रहाच्या, म्हणजे परक्या सूर्याच्या ग्रहाच्या, हवेत हा वायू इतका निःसंशय सापडण्याची ही पहिली वेळ. नोव्हेंबरात त्याच ग्रहावर सल्फर डायऑक्साइडही पक्का झाला. तो ताऱ्याच्या प्रकाशाने घडलेल्या रसायनक्रियेतून बनतो. आपल्या हवेत सूर्यप्रकाशातून ओझोन तयार होतो, त्याच वर्गातली ही प्रक्रिया.

अशा भट्टीत कुणी राहत नाही आणि राहणार नाही. तरी या वायूंचं मोल आहे. गुरूसारख्या ग्रहात हायड्रोजन-हेलियमच्या तुलनेत कार्बन, ऑक्सिजन, गंधक यांचं प्रमाण किती, यावरून तो ताऱ्यापासून किती दूर आणि कशाच्या ढिगातून तयार झाला याचा माग काढता येतो. शिवाय हात बसतो. पुढे थंड, लहान, खडकाळ ग्रहाच्या कडेची याहून कितीतरी बारीक सही वाचायची आहे. ती वाचणारी मंडळी आज या फुगलेल्या दांडग्या ग्रहांवर अक्षर गिरवताहेत.

आता आपल्या काळात या, अमरावतीत. दिवाळी झाली आहे, आभाळ धुऊन निघालं आहे. संध्याकाळी पश्चिमेला श्रवण नक्षत्राच्या वर, हंसाच्या मानेखाली बघा. जंबुक नावाच्या फिकट तारकासमूहात एचडी १८९७३३ हा तारा आहे, ६४ प्रकाशवर्षांवर. आज डोळ्यांत येणारा त्याचा उजेड निघाला तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच कुठे झालं होतं. त्याचा तप्त गुरू दर २.२ दिवसांनी पुढून जातो आणि पावणेदोन तासांच्या आसपास जवळपास २.४ टक्के उजेड अडवतो. तारा सातव्या-आठव्या प्रतीचा आहे, म्हणजे द्विनेत्रीतही सापडेल. कॉलेजच्या गच्चीवरची आठ इंची दुर्बीण, तिला लावलेला साधा खगोलीय कॅमेरा आणि शेजारच्या दोन-तीन स्थिर ताऱ्यांशी दर मिनिटाला तुलना करायची चिकाटी, एवढ्यावर हा आलेख काढता येतो. शार्बोनोकडे यापेक्षा लहान दुर्बीण होती, अ‍ॅनीबाईंकडे दीड इंचाचं भिंग.

हे नुसतं हौसेचं काम नाही. युरोपच्या नियोजित ‘एरियल’ अवकाश दुर्बिणीला सुमारे हजार ग्रहांची हवा तपासायची आहे. कुठला ग्रह नेमका कोणत्या मिनिटाला पुढे येईल हे तिला आधी माहीत हवं, आणि जुन्या वेळापत्रकांत वर्षागणिक चूक साठत जाते. ती दुरुस्त करण्यासाठी ‘एक्सोक्लॉक’ प्रकल्प जगभरच्या हौशी निरीक्षकांकडून अधिक्रमणांच्या वेळा गोळा करतो. अमरावती-अकोल्याचा रेखांश त्यासाठी सोयीचा आहे: युरोपात दिवस असताना इथे रात्र होते आणि तिकडून निसटलेलं अधिक्रमण इथून सापडतं.

तळणीला दोन मिनिटांसाठी माणसं समुद्र ओलांडून आली होती, आणि त्या दुपारी ढग आला असता तर पुढच्या खग्रासाची वर्षानुवर्षं वाट बघावी लागली असती. तुमचं काम सोपं आहे. आजची रात्र ढगात गेली तर बिघडलं नाही. दोन दिवस आणि सव्वापाच तासांनी एचडी १८९७३३ चं अधिक्रमण पुन्हा आहे. ते दिवसा पडलं, तर त्याच्या पुढचं धरा.